आशाताईंनी काहीच सांगितले नव्हते : सिकलसेल, सोयरीक आणि विश्वास यांचे एक प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला असलेल्या एका गावातले हे प्रकरण. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नाती आणि काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम मात्र तोच ठेवला आहे. आशा (गावातल्या आरोग्य स्वयंसेविका), त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी यांच्या प्रशिक्षणात आम्ही ते मांडतो, आणि दर वेळी सभागृहात दोन तट पडतात. तट पडले नाहीत तर सत्र दुपारच्या जेवणानंतरचे आहे असे समजावे.

आजार आणि रजिस्टर

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व विदर्भात घरोघरी ऐकून माहीत आहे. सांधे ठणकणारे, वारंवार कावीळ होणारे, रक्त चढवायला नागपूर-चंद्रपूरच्या वाऱ्या करणारे एखादे लेकरू बहुतेकांच्या नात्यात असते. पण ज्याला हा आजार आहे तो आणि जो नुसता वाहक आहे तो, यांतला फरक गावात फारसा कोणी करत नाही. दोघांनाही ‘सिकल हाय’ असेच म्हणतात. वाहकाला एका पालकाकडून दोषी जनुक आलेले असते आणि दुसऱ्याकडून चांगले. तो शेतात राबतो, शिकतो, लेकरे वाढवतो, आणि बहुतेकदा आयुष्यभर त्याला काही होत नाही. प्रश्न येतो तो दोन वाहकांची गाठ पडली तर. मग प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. जोडीतला एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त पूर्ण निर्दोष असेल तर मूल वाहक असू शकते, सिकलसेलचा रुग्ण होत नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून तपासणी चालू होती. शाळा-कॉलेजात शिबिरे होतात, गरोदर बायकांची तपासणी होते. आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. तिच्यात रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच कळते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगत नाही. ते पाहायला दुसरा नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीला जातो. मग कार्ड मिळते, आणि नाव रजिस्टरात चढते.

आमच्या भागातल्या रजिस्टरांत बायकांची नावे जास्त दिसतात. कारण साधे आहे: पोरी कॉलेजात सापडतात, बायका गरोदरपणात सापडतात. पोरे नागपूरला कंपनीत, नाहीतर तेलंगणात मिरची तोडायला गेलेली असतात. त्यामुळे लग्नाच्या बाजारात कोणाच्या रक्ताची चौकशी होणार, हे शिबिराच्या दिवशीच ठरून जाते.

मंडईचा दिवस

दिवाळी आटोपली की या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा मंडई, रात्रभर नाटक. लेकी-जावई येतात, लांबचे सोयरे येतात, आणि पोरा-पोरींच्या सोयरिकीचे बोलणेही याच दिवसांत निघते.

मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. दीड वर्षापूर्वी कॉलेजच्या शिबिरात तिची तपासणी झाली होती. पक्का अहवाल आला, ती वाहक होती. शेजारच्या तालुक्यातले पाहुणे मंडईच्या निमित्ताने येऊन तिला पाहून गेले. पोरगी पसंत पडली. मुलाची मोठी आई ही गावच्या आशाताईंची चुलत नणंद. मुलीचे घर बघून झाल्यावर ती सरळ भावजयीकडे आली. घरात पाहुण्यांचा गजबजाट होता, आशाताई भजी तळत होत्या. फळीवर, देवाच्या फोटोखाली, त्यांची रजिस्टरे निळ्या पिशवीत ठेवलेली.

“पोरगी त चांगली हाय वं,” नणंद म्हणाली. “पण तिले सिकल-बिकल त नाही न? तुह्या रजिस्टरात साऱ्या गावाचं असते.”

“बाई, असं मले सांगता येत नाही.”

सासूबाई तिथेच बसल्या होत्या. “घरचंच माणूस हाय,” त्या म्हणाल्या. “घरच्याले सांगाले काय होते?”

“नाही आत्याबाई. ते ज्याचं त्यालेच सांगा लागते.”

नणंद क्षणभर थांबली, “बरं” म्हणाली, दोन भजी ताटात घेतली आणि धानाच्या भावाचा विषय काढला. रात्री नाटकाचे मध्यंतर व्हायच्या आत मुलीच्या घरी निरोप पोचला होता: पाहुण्यांचा विचार नाही. कारण कोणी सांगितले नाही. सकाळी पानठेल्यावर ते सगळ्यांना माहीत होते.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आशाताईंच्या दारात उभी राहिली. आत आली नाही. “तुह्यावर भरोसा ठेवला आम्ही,” एवढेच बोलली आणि परत गेली.

शब्द न उच्चारता गुपित कसे फुटले

प्रशिक्षणात इथपर्यंत वाचून झाले की बहुतेक जणी आशाताईंची बाजू घेतात. त्यांनी तर काहीच सांगितले नाही! सासूचे ऐकले नाही, नणंदेचा राग पत्करला, आणखी काय करायला हवे होते? हा मुद्दा खरा आहे. सासरच्या माणसासमोर, सासूच्या देखत, सणाच्या दिवशी नाही म्हणणे काय असते हे शहरातल्या दवाखान्यात टेबलामागे बसणाऱ्याला कळणार नाही.

मग आम्ही त्यांना आदल्या वर्षीची गोष्ट सांगतो. तेव्हा याच नणंदेने गावातल्या दुसऱ्या एका मुलीबद्दल विचारले होते. ती मुलगी तपासणीत पूर्ण निरोगी निघाली होती. आशाताईंनी हसत सांगितले होते, “काही नाही वं बाई तिले, बिनधास्त करा.” लग्न झाले, सगळे खूश झाले, आशाताईंना लग्नात मानाची साडीही मिळाली.

एका मुलीबद्दल ‘काही नाही’ आणि दुसरीबद्दल ‘सांगता येत नाही’. शेती-संसार करणारी कोणतीही बाई यातून काय ते समजते, तिला रजिस्टर उघडायची गरज पडत नाही. यंदाच्या मुलीचे गुपित फुटले ते यंदाच्या मौनामुळे नव्हे, गेल्या वर्षीच्या मोकळेपणामुळे. गेल्या वर्षी कोणाचे नुकसान झाले नाही म्हणून ती चूक कोणाला चूक वाटली नाही. आशाताईंना नाही, गटप्रवर्तकांना नाही, त्या मुलीच्या घरच्यांना तर मुळीच नाही. गोपनीयता म्हणजे वाईट बातमी लपवणे, अशी आपल्या सगळ्यांची समजूत असते. चांगली बातमी सांगायला काय हरकत? हरकत ही की चांगली बातमी सांगायची मुभा घेतली, की त्या दिवसापासून तुमची चुप्पीही बोलायला लागते.

म्हणून नियम असा हवा: निकाल कोणताही असो, विचारणारा कोणीही असो, उत्तर एकच. निरोगी मुलीबद्दलही हेच, तपासणीच न झालेल्या मुलीबद्दलही हेच. ऐकायला हे कोरडे आणि माणूसघाणे वाटते, आणि गावात राहणाऱ्या बाईला ते रोज पाळायचे आहे. पण यापेक्षा सोपा नियम आम्हाला सापडलेला नाही.

“पण लेकराचे काय?”

दुसरा तट इथे उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे हलक्यात घेण्यासारखे नाही. उद्या मुलगाही वाहक असेल, दोघांचे लग्न झाले, आजारी मूल जन्मले, तर त्याचे पाप कोणाच्या माथी? आशाताईंना माहीत होते. माहीत असून गप्प राहणे हा कसला धर्म? एका प्रशिक्षणात एका आशाताईंनी उठून सांगितले, “माह्या भाच्याले सिकल हाय. त्याचं रात्रीचं रडणं तुम्ही आयकलं नाही.” त्यानंतर थोडा वेळ कोणी बोलले नाही.

कायद्याकडे पाहिले तर एक निकाल हमखास पुढे केला जातो. मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड, सर्वोच्च न्यायालय, १९९८. रक्तदानाच्या वेळी एका माणसाला एचआयव्हीची लागण असल्याचे रुग्णालयाला कळले, ते नियोजित वधूकडच्यांपर्यंत पोचले, लग्न मोडले. गोपनीयतेचा हक्क निरपवाद नाही आणि वधूच्या जिवाला धोका असताना माहिती दिली यात दोष नाही, असे न्यायालयाने म्हटले. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही रुग्णाचे गुपित फोडायला मोजकेच अपवाद आहेत: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर आणि स्पष्ट धोका, आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले आजार.

पण हा दाखला इथे लागू पडत नाही. एचआयव्ही नवऱ्याकडून बायकोला जाऊ शकतो. सिकलसेल कोणाला लागत नाही. वाहक मुलीशी लग्न करून मुलाच्या प्रकृतीला काडीचाही धोका नाही. धोका आहे तो पुढे होऊ शकणाऱ्या मुलाला, तोही मुलगा स्वतः वाहक असेल तरच; आणि मुलगा वाहक आहे की नाही हे कळायला मुलीचे रजिस्टर उघडावे लागत नाही. त्याने स्वतःचे रक्त दिले की कळते. म्हणजे लेकराला वाचवायचा रस्ता आहे, आणि तो मुलीच्या गुपितावरून जातच नाही. मोठ्या आईने विचारले तेव्हा मुलाची तपासणी झाली होती का? नव्हती. ‘आमच्यात हे नाही’ असे त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललेले. रक्त तपासून पाहण्यापेक्षा दुसऱ्याच्या पोरीची चौकशी स्वस्त पडते.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सल्ला देताना ती नेहमी राहून जाते. मुलाची नुसती सोल्युबिलिटी करून ‘निगेटिव्ह’ आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक असू शकतो, आणि सिकलचा वाहक नि थॅलेसेमियाचा वाहक यांच्या मुलालाही गंभीर आजार होऊ शकतो. ते एचपीएलसीत दिसते, सोल्युबिलिटीत दिसत नाही. तेव्हा लग्नाआधीची तपासणी दोघांची आणि पुरती.

खोटे बोलण्याचा पर्यायही सभागृहात निघतो: “सांगून टाकायचं, काही नाही म्हणून.” मुलीवरच्या मायेपोटीच सुचलेला. पण आशाताईंचा ‘नाही’ हा त्या घरासाठी सरकारी दाखल्यासारखा असतो. त्यावर विसंबून तपासणी झाली नाही आणि उद्या आजारी मूल जन्मले, तर त्या दाखल्यावर सही आशाताईंची.

पानठेल्यावर जे पोचले नाही

सोयरीक मोडली हे गावाने पाहिले. दुसरे नुकसान कोणाच्या लक्षात आले नाही.

मुलीची वहिनी तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती. नाव नोंदवायचे बाकी होते; आशाताई मंडईनंतर जाणार होत्या. आता त्या घराचे दार त्यांना बंद झाले. पोषण आहाराचे विचारायला गेल्या तर “सूनबाई माहेरी गेली” असे उत्तर मिळाले, आणि मागच्या अंगणात सूनबाई धान पाखडताना दिसत होती. नोंदणी झाली ती पाचव्या महिन्यात, तीही दुसऱ्या गावच्या उपकेंद्रात.

मुलगी वाहक म्हणजे तिच्या आई-वडलांपैकी निदान एक जण सिकलचे जनुक बाळगणारा. म्हणजे तिचा भाऊ, वहिनीचा नवरा, वाहक असण्याची शक्यता निदान निम्मी. वहिनीचे रक्त तिसऱ्या महिन्यातच तपासायला हवे होते, आणि गरज पडली असती तर नवऱ्याचेही. दोघे वाहक निघाले असते तर गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास, वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन करता येते. मग जोडप्याला विचार करायला वेळ मिळतो. पाचव्या महिन्यात तो वेळ बराचसा गेलेला असतो. तिचा निकाल काय आला हे इथे लिहिण्याचे कारण नाही. वेळ मात्र गेला, आणि तो आजाराने नेला नाही.

त्या हिवाळ्यात गावातल्या शिबिरालाही पोरी आल्या नाहीत. एकीच्या आईने स्पष्टच सांगितले, “माहीतच नाही झालं त बरं.”

दुरुस्ती

आशाताईंनी हे गटप्रवर्तकांच्या बैठकीत स्वतः मांडले. बैठकीत पहिला सूर होता की घरोघरी जाऊन ‘मी सांगितले नाही’ हे पटवून द्यावे. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी तो हाणून पाडला, आणि ते बरे झाले. घरोघरी जाऊन ‘मी त्या मुलीचे सांगितले नाही’ म्हणणे म्हणजे उरलेल्या घरांनाही सांगणे.

आशाताई फक्त मुलीच्या घरी गेल्या, एकट्या. आई सुपात तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही. “म्या सांगतलं नाही,” आशाताई म्हणाल्या, “पण माह्याच्यानं समजलं, हे खरं हाय.” आणि आदल्या वर्षीचे सगळे उलगडून सांगितले. माफी मागायला गेलेले बहुतेक जण आधी स्वतःचा बचाव मांडतात. इथे बचाव हाताशी होता, खराही होता, आणि तो बाजूला ठेवला गेला. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत अवघड आणि सर्वांत व्यावसायिक कृती ही होती.

मॅडम नंतर मुलीला भेटल्या, तिने हो म्हटल्यावर, उपकेंद्रात, दार लावून. तिथे भलतेच निघाले. दीड वर्षापूर्वी कार्ड तिच्या वडलांच्या हाती दिले होते. त्यांनी ते राशनकार्डासोबत पेटीत ठेवले. मुलीला कोणी बसवून काही सांगितलेच नव्हते. आपण कधी ना कधी आजारी पडणार, आपल्याला मूल झाले तर ते जगणार नाही, असे समजून ती दीड वर्ष राहिली होती. सज्ञान मुलीचा अहवाल बापाच्या हाती देणे हा पहिला भंग होता, आणि तो केला होता यंत्रणेने. त्याची चर्चा पानठेल्यावर झाली नाही, कारण तो कोणाला भंग वाटलाच नाही.

समजून घेतल्यावर तिने स्वतःच ठरवले: यापुढे स्थळ आले तर मुलाने आधी आपली पुरती तपासणी करावी, मग दोघांनी समोरासमोर आपापले कार्ड दाखवावे. ज्याला हे जमत नसेल त्याने येऊ नये. वडील कुरकुरले. आई म्हणाली, “बरोबर म्हणते पोरगी.”

मोडलेली सोयरीक जुळली नाही. त्या मुलाने पुढे कधी रक्त तपासले का, हे आम्हाला माहीत नाही. आशाताईंनी विचारले नाही, आणि विचारले असते तर त्यांना तेच उत्तर मिळायला हवे होते जे त्यांनी नणंदेला दिले.

आता काय चालते

पहिला बदल वाक्याचा. त्या भागातल्या आशा आता कोणालाही, कोणाबद्दलही एकच सांगतात: “रिपोर्ट ज्याचा त्यालेच. पोरगा-पोरगी दोघंबी तपासा.” रजिस्टर घरच्या फळीवरून उपकेंद्राच्या कपाटात गेले. निकाल सांगायचे काम मॅडमकडे, ठरलेल्या दिवशी, ज्याचा त्याला. एक सूचना अशीही आली होती की नात्यातल्या घरांचे काम दुसऱ्या आशाताईंनी बघावे. कागदावर ती चांगली दिसते. पण आशा म्हणून गावातलीच, शक्यतो लग्न झालेली बाई निवडायची, हे योजनेतच आहे. म्हणजे बहुतेकदा गावची सून. छोट्या गावात तिच्या नात्यात नसलेले घर शोधायचे कुठून?

बोलावण्याचाही प्रश्न होता. आधी फक्त ‘निघालेल्यांना’ निरोप जायचा, त्यामुळे आशाताई ज्या दारात थांबल्या ते दार शेजारी लक्षात ठेवायचे. आता तपासलेल्या प्रत्येकाला निरोप जातो, निरोगी असो वा नसो, आणि प्रत्येकाला बंद दाराआड तेवढाच वेळ बसवले जाते. निरोगी निघालेल्यांना बसवून काय सांगायचे, असा मॅडमचा सुरुवातीचा प्रश्न होता. त्यांना आजाराची माहिती सांगायची, असे ठरले. त्यात मॅडमची आख्खी दुपार जाते.

एक भोक अजून बुजलेले नाही. सोल्युबिलिटीत निघाले त्यांचाच दुसरा नमुना घ्यावा लागतो. म्हणजे ज्याला दुसऱ्यांदा सुई टोचायला बोलावले त्याचे गावाला कळते. सगळ्यांचे दोन्ही नमुने पहिल्याच दिवशी घेऊन ठेवावेत, असा प्रस्ताव तालुक्याला गेला आहे. नळ्या, शीतसाखळी आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेवरचा भार, असे तिन्ही आक्षेप तिकडून आले आहेत आणि तिन्ही रास्त आहेत. तोवर मॅडम दुसऱ्या नमुन्यासाठी हिमोग्लोबिन तपासणीचा दिवस धरतात, कारण त्या दिवशी उपकेंद्राच्या व्हरांड्यात निम्म्या गावाच्या बायका बोट पुढे करून बसलेल्या असतात.